सातबाऱ्याबाहेरचे गाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शेती, जंगल आणि पाणी या विषयांवर पदव्युत्तर पदवीसाठी दरवर्षी कितीतरी प्रबंध लिहिले जातात. त्यांतील बहुतेकांचा अखेरचा मुक्काम विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटात असतो. ज्या शेतकऱ्याने हातातले काम टाकून प्रश्नावलीला उत्तरे दिली, त्याच्या हाती त्यातले एक पानही येत नाही. ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. परंतु विषय तेवढ्यावर संपत नाही. खेड्याचा अभ्यास कोणी करायचा, प्रश्न कोणी ठरवायचे आणि मिळालेल्या उत्तरांवर हक्क कोणाचा, हा मुळात सत्तेचा प्रश्न आहे. म्हणूनच तो कार्यकर्त्यांच्या वर्गात यावयास हवा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या अभ्यासाचा आरंभ विद्यापीठात झालेला नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याचे कर्ज, त्याचे अज्ञान, धर्माच्या नावावर चालणारी लूट, जंगलखात्याने चराऊ राने ताब्यात घेतल्यामुळे गुरांचे झालेले हाल, पावसाचे पाणी व माती शेतात थोपवून धरण्याचे उपाय, या साऱ्यांचा त्यात एकत्र विचार आहे. आज ज्याला नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव दिले जाते, ते हेच. जोतीरावांपाशी पदवी नव्हती, बाजू होती. आणि ती त्यांनी लपवली नाही.

पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव अभ्यासाला घेतले आणि १९१७ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १७७१ साली या गावातील सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांना आढळले. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. केवळ स्वतःच्या जमिनीवर बहुसंख्य कुटुंबांचे भागत नव्हते. रयतेच्या दैन्याचे खापर तिच्या आळसावर व लग्नातील उधळपट्टीवर फोडणे ज्या काळी सोयीचे होते, त्या काळी सरकारी नोकरीतल्या एका इंग्रजाने घरोघर मोजणी करून हे मांडले, याचे मोल कमी लेखता येणार नाही. (आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटात गेले असून त्या तुकड्यांवर उंच इमारती उभ्या आहेत.)

संशोधन चळवळीच्या उपयोगी कसे पडते याचे याहून ठळक उदाहरण म्हणजे १९४८ च्या मुंबई कूळकायद्याची पाहणी. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनी केलेली ही पाहणी १९५७ साली प्रसिद्ध झाली. कूळ संरक्षित झाले असे कागद सांगत होते. प्रत्यक्षात कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी सोडून दिल्याच्या नोंदी जागोजागी सापडल्या. ज्या कुळाचा चरितार्थच त्या जमिनीवर, ते ती राजीखुशीने का सोडील? कायदा व्यवहारात जवळजवळ अस्तित्वातच नव्हता, हा त्या पाहणीचा निष्कर्ष. त्यासाठी कोणतीही घोषणा द्यावी लागली नाही. फेरफाराची नोंद आणि माणसाची जबानी शेजारी ठेवणे पुरेसे झाले.

ही शिस्त पुढच्या पिढ्यांच्या कितीशा प्रबंधांत उरली? एक ठराविक साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. तालुका निवडायचा, त्यातली काही गावे निवडायची, तलाठ्याकडून सातबाऱ्यावरील खातेदारांची यादी घ्यायची, तीतून शे-सव्वाशे नावे काढायची. मग वय, शिक्षण, क्षेत्र विचारून सुधारित वाणाचा ‘स्वीकार’ किती टक्के झाला हे कोष्टकात मांडायचे. गणित निर्दोष असते. परंतु नमुना जेव्हा सातबाऱ्यावरून काढला जातो, तेव्हाच अर्धे गाव अभ्यासाबाहेर पडलेले असते. तोंडी बोलीवर जमीन कसणारा कूळ त्यात नाही. निंदणी, खुरपणी, लावणी जिच्या हातून होते त्या बाईचे नाव बहुधा उताऱ्यावर नसते. भूमिहीन शेतमजूर नाही, मेंढ्या घेऊन येणारा धनगर नाही, मोहफुले वेचणारा आदिवासी नाही. आणि प्रश्न तरी कोणता? ‘शेतकऱ्याने शिफारस का स्वीकारली नाही?’ शिफारसच चुकली असेल ही शक्यता प्रश्नावलीत बसत नाही.

जंगलाच्या बाबतीत याच दृष्टीने फार मोठी हानी केली. सामाईक कुरणावर जो तो आपली गुरे वाढवीत जाईल आणि कुरण उजाड होईल, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. सामाईक मालमत्ता एक तर सरकारच्या नाही तर खाजगी मालकाच्या हाती द्या, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींच्या कुरणांचे, पाटांचे, मासेमारीचे दाखले तपासून १९९० च्या ग्रंथात दाखवले की माणसे एकमेकांशी बोलतात, नियम करतात आणि मोडणाऱ्याला दंडही करतात. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतरही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याने आपल्याच हाती ठेवला होता. एप्रिल २०११ मध्ये तो ग्रामसभेकडे आला. हे एका दिवसात घडलेले नाही. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे वर्षानुवर्षे अभ्यासगट चालले. जंगल, कायदा, मध काढण्याची रीत, अशा विषयांवर गावकरी बसत; बाहेरच्या जाणकारालाही बोलावीत. अभ्यासगट फक्त अभ्यास करी, निर्णय ग्रामसभा घेई, आणि तोही सर्वसहमतीने. येथे अभ्यासाचा विषय व अभ्यासक ही दोन वेगळी माणसे उरली नाहीत. म्हणून विद्यापीठातील संशोधक निरुपयोगी ठरतो असे मात्र नव्हे. गावाला आपले नित्याचे दिसत नाही, आणि गावातल्या दुबळ्याचे तर गावालाही दिसत नाही. सर्वसहमतीत बायका बोलल्या की गप्प बसल्या, हे पाहायला बाहेरचा डोळा लागतोच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने अशा संशोधकाला एक थेट काम देऊन ठेवले आहे. त्याखालील नियमांप्रमाणे दाव्याच्या पुराव्यात गावातील वृद्धांची लेखी नोंदवलेली जबानी ग्राह्य आहे. भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही कायदा मानतो. म्हणजे ज्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीत त्यांच्या आठवणींना येथे पुराव्याची किंमत आहे. मुलाखत घेणे, नकाशा काढणे, जुन्या नोंदी हुडकणे, हेच तर पदव्युत्तर वर्गात शिकवतात.

ज्या तालुक्यांत सामूहिक दावे अद्याप दाखल झालेले नाहीत किंवा त्रुटी दाखवून परत आले आहेत, तेथील कार्यकर्त्यांनी जवळच्या महाविद्यालयांतील अशा विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावून घ्यावे. राहण्याची व भाकरीची सोय गाव करील. प्रश्नावली शहरातून छापून आणू नये. ती ग्रामसभेत बसून तयार करावी, आणि लिहून झालेली जबानी सांगणाऱ्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवल्यावरच त्याचा अंगठा घ्यावा.