मानेची दुखापत

इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावर सिग्नलपाशी थांबलेल्या मोटारीस मागून धक्का बसतो. धड पुढे रेटले जाते. मस्तक क्षणभर मागे राहते आणि हिसक्याने पुढे येते. रक्त नाही, जखम नाही; मनुष्य चालत घरी जातो. वेदना पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमटते. मान आखडते, डोके ठणकते. बोटांस मुंग्या आल्या वा हातापायांतील बळ गेले, तर मज्जारज्जूस धोका समजावा. तेथे मान चोळून ‘नस बसविणे’ घातकच! यशवंतराव रुग्णालय जवळ आहे म्हणून जखमीस रिक्षात कोंबू नये. आगीचे भय नसल्यास जागीच ठेवून डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे व 108 क्रमांकास कळवावे. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही धास्ती जुनी आहे; 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मदतगारास संरक्षण मिळाले आहे.