विद्यापीठाच्या संशोधनाचे माप कोणत्या शेराने घ्यावे?

(वैभववाडी येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मला नेमून दिलेला विषय वरवर पाहता विद्वानांच्या सभेत शोभणारा आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात संशोधनासाठी किती द्रव्य येते, त्या संशोधनातून बाजारात काय उतरते, आणि या दोहोंचे माप कसे घ्यावे, असा तो विषय होय. परंतु ज्यांच्या वरकस जमिनीत वेंगुर्ल्याच्या जातीची काजूकलमे उभी आहेत, अशी कुटुंबे या मंडपात पुष्कळ आहेत. त्यांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

आपल्या कोकणाचे कृषि विद्यापीठ १९७२ साली दापोली येथे स्थापन झाले. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र त्याहूनही जुने, १९५७ सालचे आहे. आपल्या शेजारी फोंडाघाटासही याच विद्यापीठाचे एक केंद्र आहे. या संस्थांना पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट राज्य सरकारच्या अनुदानाची. दुसरी भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची. परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत खर्चाचा तीन चतुर्थांश भाग परिषद उचलते व उरलेला राज्याकडे येतो, असा प्रघात आहे. कलमे, रोपे व बियाणे यांच्या विक्रीतून काही उत्पन्न होते. तरी विद्यापीठाचा संसार चालतो तो जनतेच्या करावर.

मग या पैशाचे चीज झाले की नाही, हे कसे ठरवावयाचे? सांप्रत जी मापे प्रचारात आहेत, ती अशी: बाहेरून अनुदान किती मिळविले, एकस्व अर्थात पेटंट किती घेतले, सल्ल्याची फी किती जमली, आणि परवाना देऊन कंपन्यांकडून किती रक्कम आली. केंद्र सरकारने २०१५ साली आखलेल्या राष्ट्रीय मानांकन पद्धतीतही संशोधनाचा निधी, सल्लामसलतीची प्राप्ती आणि पेटंटे यांची पृच्छा होते.

ही कल्पना मूळची अमेरिकेतील. विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीनबॉक नावाच्या प्राध्यापकाने अन्नावर विशिष्ट किरण टाकून त्यातील ‘ड’ जीवनसत्त्व वाढविण्याची युक्ती शोधली. तिचे उत्पन्न संशोधनाकडेच वळावे म्हणून १९२५ साली तेथे एक प्रतिष्ठान निघाले. पुढे १९८० साली बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली. १९९१ सालापासूनचे तेथील वार्षिक आकडे गोळा केलेले आहेत. त्यांवरून असे दिसते, की थोड्या विद्यापीठांना एखाददुसऱ्या शोधाने मोठे घबाड मिळते. बहुतेकांची परवान्याची मिळकत संशोधनाच्या खर्चापुढे अगदी अल्प असते. आपल्याकडे तशाच धर्तीचे विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही.

आता हे माप आपल्या कोकणास लावून पाहू. काजूची वेंगुर्ला-४ ही जात १९८१ साली प्रसारित झाली. तिचा एक पूर्वज बंगालमधील मिदनापूरचा, तर दुसरा आपल्याच जिल्ह्यातील वेतोऱ्याचा. तिची बी सरासरी पावणेआठ ग्रॅमच्या घरात भरते. १९९७ साली आलेल्या वेंगुर्ला-७ ची बी दहा ग्रॅमची. म्हणजे पहिल्या जातीच्या किलोभर बियांत सुमारे १३० नग बसतात, तर दुसरीच्या किलोत शंभर. नग मोठा म्हणजे गर मोठा, आणि मोठ्या गराला भाव अधिक, हे काजू फोडणाऱ्या आमच्या भगिनींना सांगावयास नको. विद्यापीठाच्या खात्यात मात्र जमा होते ती फक्त त्याच्या रोपवाटिकेत विकलेल्या कलमाची किंमत. तेच कलम पुढे तीस वर्षे एखाद्या कुटुंबाच्या चुलीला आणि मुलांच्या फीला हातभार लावते, त्याची जमा कोणत्याच खात्यात दिसत नाही.

भाताची गोष्ट याहून स्पष्ट आहे. २००१ सालच्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्यास आपले बियाणे राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि शेजाऱ्यास देण्याचा हक्क दिला आहे. केवळ नाममुद्रेखाली विकण्यास मनाई आहे. म्हणून कर्जत किंवा रत्नागिरीचे चांगले वाण जितके हातोहात पसरेल, तितके जनतेचे कल्याण अधिक आणि विद्यापीठाची विक्री कमी! जे यश आहे तेच त्या मापाने तूट ठरते.

हापूस एक वर्षाआड धरतो, हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे दुखणे. त्यावर पॅक्लोब्युट्राझोल हे औषध लागू पडले. औषध मूळ परदेशी कंपनीचे. पण आपल्या हापूसला ते किती, केव्हा आणि कसे द्यावे, याचे प्रयोग आपल्या विद्यापीठाने केले. औषधाच्या विक्रीचा पैसा विकणाऱ्याकडे गेला, प्रयोगाचा खर्च जनतेने सोसला आणि नियमित मोहोराचा लाभ बागाईतदारास झाला.

परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आंबा निघाला. त्यात साका होत नाही. १९९२ सालच्या ‘सिंधू’चा बाठा अगदी पातळ. दोन्ही शास्त्रदृष्ट्या मोठी कामे. तथापि बाजाराने हापूसचे सिंहासन हलू दिले नाही. प्रयोगशाळेतील यश आणि बाजारातील यश ही दोन निराळी आहेत; तेव्हा ‘आम्ही शोध लावला’ एवढे म्हणून विद्यापीठासही सुटता येणार नाही.

शिवाय काळाकडे पाहा. वेंगुर्ल्याचे केंद्र निघाल्यापासून रत्ना येईपर्यंत २४ वर्षे गेली. वेंगुर्ला-७ येईपर्यंत ४० वर्षे. आजोबाने लावलेला आंबा नातवाने खावा, ही आपली रीत. त्या झाडाकडे दर ३१ मार्चला फळ मागणे म्हणजे ‘पी हळद आणि हो गोरी’ असेच होय.

यावरून हिशेबच नको, असे कोणी समजू नये. हिशेब नसेल, तर अनुदानाला कात्री लावताना कोणाचाही हात अडखळणार नाही आणि शास्त्रज्ञाची जागा रिकामी राहिली तरी कोणी विचारणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की माप पुरे असावे. पैसा किती आला, त्यातला प्रत्यक्ष प्रयोगांवर किती लागला, कोणती जात वा युक्ती किती शेतांत पोहोचली आणि दहा-वीस वर्षांत तेथे काय पिकले, हे चारही प्रश्न विचारले पाहिजेत. पहिल्या दोहोंची उत्तरे दापोलीच्या दप्तरात सापडतील. शेवटल्या दोहोंची उत्तरे आपल्या घरांत आहेत.

म्हणून या संमेलनापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. प्रत्येक बागाईतदार कुटुंबाने एक वही घालावी. कलम कोणत्या जातीचे, कोठून आणले, कोणत्या साली लावले, दरसाल किती किलो आले व काय दराने गेले, एवढेच तीत लिहावे. जी झाडे मेली किंवा फळली नाहीत, त्यांचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे करावी. घरातील शिकत्या मुलामुलींकडे हे काम सोपवावे. संघाने वर्षाअखेर या वह्यांचा गोषवारा करून याच स्मरणिकेत छापावा आणि त्याची एक प्रत वेंगुर्ल्याच्या केंद्राकडे धाडावी.

मुंबईस राहणाऱ्या बांधवांनीही गावच्या बागेची अशी वही मागवून घ्यावी. त्या निमित्ताने तरी बागेची विचारपूस होईल. जनतेच्या पैशाने जे ज्ञान निर्माण झाले, त्याची पोच जनतेनेच दिली पाहिजे. पुढील वर्षी या व्यासपीठावर व्याख्यानाऐवजी आपल्या वह्यांतील आकडे वाचले जावोत, अशी इच्छा प्रकट करतो.