बंद पडलेला सुपर कप



जत्रेतल्या कुस्त्यांचा फड आपल्याला नवा नाही. दिवसभर लहानमोठ्या जोड्या लागतात आणि उन्हे उतरली की शेवटची, मानाची कुस्ती लागते. आपल्या देशाच्या फुटबॉलमध्येही अशी एक मानाची कुस्ती होती. तिचे नाव इंडियन सुपर कप. आज तिची हकिगत सांगायची आहे.

फुटबॉलच्या स्पर्धा दोन तऱ्हेच्या असतात. एक साखळीची. तीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो पहिला. दुसरी बाद पद्धतीची. तीत हरला तो घरी गेला. आपल्याकडे बाद पद्धतीचा फेडरेशन कप 1977 साली निघाला आणि राष्ट्रीय साखळी स्पर्धा 1996 साली सुरू झाली. मग साहजिकच प्रश्न आला, की या दोन विजेत्यांत सरस कोण? त्यासाठी 1997 पासून दोघांचा एकच सामना ठेवला गेला. तोच सुपर कप.

पहिला मान कलकत्त्याच्या ईस्ट बंगालने मिळवला. पुढे 1998 आणि 1999 ही दोन्ही वर्षे गोव्याच्या साळगावकर संघाने गाजवली. आपल्या महाराष्ट्राचे नाव 2003 साली लागले. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने त्या वर्षी फेडरेशन कप तर जिंकलाच, पण सुपर कपही नेला. हा कारखानदारी कंपनीचा संघ, 1962 साली उभा राहिलेला. 2005-06 साली राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकणारा तो महाराष्ट्राचा पहिला संघ ठरला. पुढच्या वर्षांत मोहन बागान आणि गोव्याचा डेम्पो यांनीही सुपर कपावर नाव कोरले. 2011 साली ईस्ट बंगालने साळगावकरला हरवले आणि तो सामना शेवटचा ठरला.

तुम्ही म्हणाल, एक कप गेला तर एवढे काय झाले? पण मंडळी, कप एकटा गेला नाही. महिंद्रचा संघ 2010 साली बंद झाला. पहिली राष्ट्रीय साखळी जिंकणारा पंजाबचा जेसीटी संघ 2011 साली मोडला. साळगावकर आणि डेम्पो 2016 साली राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. मुंबईचा रोव्हर्स कप तर 1891 पासूनचा. तोही या शतकाच्या आरंभीच थांबला. 2017 नंतर फेडरेशन कपही उरला नाही. 2018 साली सुपर कप हे नाव पुन्हा आले खरे, पण ती स्पर्धा निराळी. तीत अनेक संघ खेळतात.

यातून घ्यायचे काय? कळस कितीही उंच असला तरी तो पायावरच उभा असतो. सुपर कप हा कळस होता. दोन स्पर्धांच्या खांद्यावर तो उभा होता, त्या स्पर्धा संघांच्या खांद्यावर, आणि संघ एखाद्या मालकाच्या मर्जीवर. मालकाने हात काढला की संघ संपला. कंपनीचा ताळेबंद बदलला म्हणून ज्यांची उमेद गेली, त्या पोरांचा यात काय दोष?

म्हणून गुरुजनांना एक विनंती. शाळांसाठी सुब्रोतो कप ही स्पर्धा 1960 पासून चालू आहे. वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांचे नाव तिला दिलेले आहे. तिची वाट शाळेतून, जिल्ह्यातून वर जाते. मुलींसाठीही तीत जागा आहे. धडगाव-अक्कलकुव्याची पोरे सातपुड्याचे चढ रोज पायांखाली घालतात. त्यांच्या पायांत दम आहेच; त्यांना हवा एक चेंडू, नांगरून न टाकलेला जमिनीचा एक सपाट तुकडा आणि शिट्टी घेऊन उभा राहणारा एक शिक्षक. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदे, सगळीकडे हे जमण्याजोगे आहे.

मानाची कुस्ती एखाद्या वर्षी लागली नाही तरी चालते. तालीम मात्र बंद पडता कामा नये.