थंडीत मशरूमची खोली किती बंद ठेवायची?

मी उर्से गावातून बोलतेय. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका बचत गटाच्या वहिनी आमचं मशरूम बघायला आल्या होत्या. खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, एवढ्या थंडीत पंखा कशाला लावलास? आम्ही तर फटीसुद्धा बुजवल्यात." आज त्या प्रश्नाचंच उत्तर द्यायला बसलेय. कारण दोन वर्षांपूर्वी आम्हीही फटी बुजवल्या होत्या.

आपल्या मावळात भाताचा पेंढा भरपूर. त्यामुळे आपल्याकडच्या बायकांना धिंगरी मशरूम परवडतं. आमची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे, दहा बाय बाराची, नऊ फूट उंच, वर पत्रा. पावसाळ्यात सगळं बरं चाललं. मग डिसेंबर आला. पहाटे पवनेकडून धुकं यायला लागलं आणि पारा दहाच्या आसपास. आम्हाला वाटलं, बिचाऱ्या पिशव्या गारठतील. खिडकीला गोधडी लावली, दाराखाली पोतं कोंबलं, पत्र्याच्या फटीत प्लॅस्टिक.

आठ दिवसांत कळ्या आल्या. पण काय आल्या! दांडा वीतभर आणि टोपी बटणाएवढी. तळेगावच्या गिऱ्हाइकानं बघितलं आणि माल परत पाठवला. वरून पत्र्याचं पाणी टपटप पिशव्यांवर पडत होतं. जिथं थेंब पडला तिथं टोपी पिवळी, मग तपकिरी, चिकट. दोन पिशव्यांना हिरवी बुरशी लागली. ती वीस पिशव्यांची पहिली तोडणी जवळजवळ वायाच गेली.

आता असं का झालं? मशरूम म्हणजे झाड नव्हे. ते आपल्यासारखाच श्वास घेतं. पेंढा खाताना ते ऊब सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मोकळ्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. बंद खोलीत भरलेल्या पिशव्या असल्या, की तो हजाराच्या वर जायला वेळ लागत नाही. मग मशरूमला वाटतं आपण अजून पेंढ्यातच गाडलेलो आहोत, ताज्या हवेपर्यंत पोचायचंय. म्हणून ते दांडा लांबवत राहतं आणि टोपी उघडत नाही. लांब दांडा दिसला की खत-पाणी शोधू नका, हवा बघा.

आणि ते पाणी कुठून आलं? गरम हवेत पाणी जास्त मावतं, गार हवेत कमी. पंचवीस अंशांच्या हवेत घनमीटरला 23 ग्रॅमपर्यंत पाणी राहतं, दहा अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. आमच्या खोलीत तीस घनमीटर हवा आहे. ओलावा 85 टक्के धरला तर त्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी तरंगत असतं, डोळ्यांना न दिसता. ती हवा पहाटेच्या गार पत्र्याला टेकली की त्यातलं बरंचसं खाली पडतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा, तेच.

म्हणजे थंडीत हवा बाहेर काढायला हवी. पण ती कशी काढायची, यात आमची दुसरी चूक झाली. घरातला जुना एक्झॉस्ट पंखा वर बसवला, पण बाहेर भिंत फोडायचा कंटाळा. म्हणून पाइप वळवून घराच्या माळ्यावर सोडला. तिथं तांदळाची पोती होती. पंधरा दिवसांत पोत्यांना कुबट वास यायला लागला. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. खोलीतली ओली हवा घरात कुठंही सोडायची नाही. तिला सरळ घराबाहेरच नेऊन सोडायचं.

पाइपाचंही एक आहे. बाहेरच्या गारव्यात पाइपाच्या आतही पाणी जमतं. पाइप वर चढता ठेवला तर ते पाणी परत पंख्यात येतं. म्हणून भिंतीतून बाहेर जाताना त्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यायचा, तोंड खाली वळवायचं आणि त्याला बारीक जाळी लावायची, माश्या आत येऊ नयेत म्हणून. ओल्या खोलीत वीज आहे, तेव्हा वायरमनकडून शॉक लागला तर वीज आपोआप तोडणारा स्विच बसवून घ्या. ईएलसीबी म्हणतात त्याला. तिथं पैसे वाचवू नका.

पंखा वर का? आपल्या जुन्या घरातलं धुराडं आठवा. चुलीचा धूर वर चढतो म्हणून धुराडं छपराला असायचं. गरम ओली हवाही तशीच वर जाते. बाहेर काढायची वाट वर, आणि समोरच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभरावर, आत यायची वाट. खालची वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो, हवा हलत नाही. आमची खालची वाट आम्ही थेट अंगणात उघडलेली नाही, पडवीत उघडलीय. पडवीतली हवा बाहेरच्यापेक्षा जरा उबदार असते, पिशव्यांवर गारठा एकदम येत नाही. गोठ्यात मात्र ती वाट उघडू नका.

किती वेळ लावायचा? पंख्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं तासाला किती घनमीटर हवा ओढतो. आमच्यावर 250 लिहिलंय. खोली तीसची, म्हणजे हिशेबाने सात-आठ मिनिटांत सगळी हवा बदलते. जाळी आणि पाइप आहे, म्हणून आम्ही दहा मिनिटं धरतो. पिशव्यांत बुरशीचं पांढरं जाळं पसरत असतं त्या पंधरा-वीस दिवसांत फार हवा लागत नाही, फक्त पिशव्या एकावर एक रचू नका. आतून तापतात. कळ्या यायला लागल्या की मात्र दिवसभरात आठ-दहा वेळा दहा-दहा मिनिटं पंखा. तीस वॅटचा पंखा आहे, महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. थंडीतली बाहेरची हवा कोरडी असते. पहाटेची धुक्याची हवासुद्धा. ती आत येऊन पंचवीस अंशांना तापली की तिचा ओलावा चाळिसाच्या आसपासच राहतो, आणि कळ्या वाळतात. म्हणून पंखा बंद केल्यावर लगेच जमिनीवर आणि भिंतीला टांगलेल्या गोणपाटांवर पाणी मारायचं. कळ्यांवर नाही. एक छोटा तापमान-ओलावा दाखवणारा मीटर मिळतो, तो पिशव्यांच्या उंचीला टांगा. दुपारी बारा ते तीन मोकळेपणाने हवा खेळवा, तेव्हा ऊब फारशी जात नाही. रात्री वरची झडप चार बोटं उघडी, खालची निम्मी. वीज गेली तर दोन्ही पूर्ण उघड्या. धुराड्यासारखी हवा आपोआप हलत राहते.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका. त्या पहिल्या थंडीत ऊब यावी म्हणून आम्ही बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली होती. निखारे लाल, धूर अजिबात नाही, म्हणून निर्धास्त. धाकटी जाऊ संध्याकाळी तोडणीला आत गेली. वीस मिनिटांनी मी हाक मारली तर ओ नाही. आत ती भिंतीला टेकून बसलेली, डोकं दुखतंय म्हणत होती, उठता येत नव्हतं. ओढत अंगणात आणली, ओकली, मग हळूहळू शुद्धीवर आली. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पिशव्यांचा वायू मशरूम बिघडवतो, हा माणूस मारतो. पंखा आहे म्हणून शेगडी चालेल, असंही समजू नका. मशरूमच्या खोलीत शेगडी, घमेल्यातला विस्तव, काही नको. कुणी तसं सापडलं तर आधी दार उघडा, तिला मोकळ्या हवेत आणा आणि 108ला फोन करा. ती बरी दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. ऊब हवी तर पत्र्याखाली पेंढ्याचा किंवा गोणपाटाचा थर बांधा. खोलीतली ओली हवा थेट गार पत्र्याला टेकत नाही, थेंबही कमी होतात. आमच्या खोलीत रात्रीचा पारा अठराच्या खाली जात नाही, पांढऱ्या धिंगरीला तेवढं पुरतं.

खोकल्याचं विचारलं होतं एका ताईंनी. टोपी मोठी होऊन कडा वर वळली की खालून पांढरी पूड उडते. ते मशरूमचं बी. रोज छातीत गेलं तर खोकला आणि ताप येतो, काहींना दम लागतो. तोडणी कडा वळायच्या आधी करा, आत जायच्या आधी दहा मिनिटं पंखा लावा, आणि तोंडाला मास्क लावा, पदराने काम भागत नाही. तीच पूड पंख्याच्या जाळीत बसते. दर आठवड्याला जाळी काढून धुवा, नाहीतर पंखा फिरतो आणि हवा जागची हलत नाही. आमच्याकडे ते काम सोमवारी, धाकट्या जाऊबाईंकडे. हल्ली त्याच आधी पंखा लावतात आणि मग कडी काढतात.

बरं, येते मी. नमस्कार.