समुद्रातले गाजर गवत



कड्याहून समुद्र लांब, पण तिथला एक प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. गाजर गवत आपण कितीही उपटलं तरी संपत नाही. परदेशी गव्हाबरोबर ते आलं, असं मानतात.

समुद्रातही तेच घडतं. रिकामं जहाज तोल सांभाळायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतं आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडतं. त्या पाण्यातून शिंपल्यांची, खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं येतात. काही जीव जहाजाच्या बुडाला चिकटून येतात. मध्य अमेरिकेकडची एक काळ्या पट्ट्यांची शिंपली 1967 मध्ये विशाखापट्टणमला सापडली, पुढे मुंबईतही. जीव बोटाच्या पेराएवढा, पाठीला कणा नाही. पण थरावर थर चढवून पाइप बुजवते, मूळच्या जिवांची जागा बळकावते.

पसरलेला जीव परत काढणं जवळपास अशक्य. म्हणून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ बंदरांत कोणते जीव आहेत याच्या नोंदी घेतात. जहाजांच्या या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करारही 2017 मध्ये लागू झाला.

आपल्या हातात एवढंच आहे : घरातला फिश टँक नकोसा झाला, तर त्यातले मासे, गोगलगायी, वनस्पती विहिरीत-तळ्यात सोडू नका. पोरांनाही सांगा.