पडद्यावरील बटण आणि यांत्रिक परीक्षक
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्या कार्यवाहांनी माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. वैद्य अथवा वकील काय करतो हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु संगणकाच्या पडद्यावरील बटणे दाबून पाहणे हाही उदरनिर्वाहाचा मार्ग असू शकतो, हे माझ्या मातोश्रींना अद्याप पटलेले नाही.

कोणत्याही संकेतस्थळात लहानशी दुरुस्ती केली, तरी पूर्वी सुरळीत चालणारे दुसरेच काही बिघडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर नाव भरणे, परवलीचा शब्द देणे, अर्ज धाडणे हा सारा खटाटोप पुन्हा करून पाहावा लागतो. मनुष्य हे दहा वेळा मन लावून करील. अकराव्या वेळी त्याची नजर चुकते. या कंटाळवाण्या श्रमावर उपाय म्हणून २००४ मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीतील जेसन हगिन्स यांनी एक साधन रचले. त्याचे नाव सेलेनियम. प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावात मर्क्युरी, म्हणजे पारा होता. आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा, अशी ही थट्टा! पुढे सायमन स्टुअर्ट यांचे वेबड्रायव्हर त्यात मिसळले आणि २०१८ मध्ये त्या पद्धतीस जागतिक मानकाचा दर्जा लाभला.

पायथन भाषेत हे साधन वापरणे सुलभ आहे. ब्राउझर उघड, अमुक खुणेचा रकाना शोध, त्यात हे लिही, बटण दाब, आणि आलेला मजकूर अपेक्षेप्रमाणे आहे काय ते पडताळ, अशा ओळी लिहावयाच्या. अडचण असते ती वाट पाहण्याची. नवशिका 'पाच सेकंद झोप' अशी आज्ञा देतो. पान मंद उघडले तर पाच पुरत नाहीत. चटकन उघडले तर चार वाया जातात, आणि अशा शेकडो परीक्षा असल्या म्हणजे तासच बुडतो. 'बटण दाबण्याजोगे होईपर्यंत थांब, फार तर दहा सेकंद' ही आज्ञा शहाणपणाची.

आता माझ्या प्रमादाविषयी. एका शिक्षणसंस्थेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची परीक्षा माझ्याकडे होती. मुदतीची सूचना देणारी एक पट्टी पानाच्या तळाशी नव्याने बसविण्यात आली. मोबाईलच्या मापाच्या खिडकीत ती पट्टी नेमकी 'अर्ज सादर करा' या बटणावर येई. बटण जागेवर होते, सुरू होते. म्हणून वाट पाहण्याची आज्ञा तृप्त झाली. परंतु दाबताक्षणीच सेलेनियमने तक्रार केली, की हा स्पर्श दुसऱ्याच वस्तूला लागत आहे. तक्रार अक्षरशः खरी होती. मला ती यंत्राची लहर वाटली. घाईत मी पानातील जावास्क्रिप्टकरवी बटण परस्पर दाबविण्याची ओळ घातली. या वाटेने गेल्यास वर पट्टी असो वा भिंत, काहीच आड येत नाही. निकाल हिरवा आला आणि मी घरी गेलो.

अखेरच्या दिवशी एका तालुक्याच्या गावाहून एका मुलीच्या वडिलांचा दूरध्वनी आला. आदल्या रात्रीपासून ते बोटाने बटण दाबत होते. शेवटी मजुरी बुडवून, मुलीला घेऊन ते एस.टी.ने जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकाच्या दुकानात गेले होते. त्यांचा स्वर रागाचा नव्हता. आपल्यालाच मोबाईल नीट वापरता येत नाही, असे त्यांना वाटत होते! मुदत दोन दिवसांनी वाढविण्यात आली आणि पट्टी त्याच रात्री निघाली. त्यांचा बुडालेला रोज मात्र कोणी भरून दिला नाही.

आता आमच्याकडे तशी वळसा घालणारी ओळ सहकाऱ्याच्या संमतीवाचून कोणी लिहीत नाही, आणि प्रत्येक अर्ज खऱ्या मोबाईलवर खऱ्या बोटाने एकदा तरी भरला जातो.

आपल्या मंडळाच्या विद्यार्थीनिधीचा अर्जही यंदा संकेतस्थळावर येत आहे. तो खुला होण्यापूर्वी आपापल्या मोबाईलवर, विशेषतः जुन्या मोबाईलवर, भरून पाहण्यास पाच-सहा विद्यार्थी हवे आहेत. त्यांनी भोजनापूर्वी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत.