संगणक आला, वीज, दुरुस्ती आणि शिक्षक कुठे आहेत?
(कामगार शिक्षण शिबिरातील भाषण)

बोनस, पेन्शन, रिक्त जागा हे आपले नेहमीचे विषय. आज मी आपल्या मुलांच्या शाळेविषयी बोलणार आहे.

मध्यंतरी रेल्वे वसाहतीजवळच्या एका शाळेत गेलो होतो. बाईंनी कुलूप काढून संगणकाची खोली दाखवली. दहा संगणक आवरणाखाली झाकलेले. बॅटऱ्या संपलेल्या, दुरुस्तीला पैसे नाहीत आणि संगणक शिकवणाऱ्या तरुणाचे कंत्राट संपलेले. सरकारी तक्त्यात मात्र 'संगणक कक्ष : आहे' अशी नोंद!

आपल्यातले सिग्नल खात्याचे बंधू सांगतील की सिग्नल नुसता उभा केल्याने गाडी चालत नाही. त्यामागे मेंटेनर लागतो, ठरल्या तारखेची तपासणी लागते, सुटे भाग लागतात. ग्रामीण डाक सेवकांनाही ठाऊक आहे की यंत्र हाती दिले आणि नेटवर्क दिले नाही, तर ग्राहकाचे बोल आपणच खातो. शाळेतल्या शिक्षकाची आज तीच गत आहे.

हे आपल्या देशाला माहीत नव्हते असे नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शन पोचले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. संच बिघडला तर दुरुस्तीची व्यवस्थाही उभी केली होती. 1987 साली 'खडू-फळा' योजना आली, तेव्हा किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य ही पहिली गरज मानली गेली. आधी पाया, मग कळस, हा साधा हिशेब होता.

अलीकडचे चित्र काय? केंद्र सरकारच्याच 'यू-डायस प्लस'च्या 2023-24 च्या आकडेवारीनुसार देशातल्या 57.2 टक्के शाळांत संगणक होते आणि 53.9 टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे त्या वर्षी जवळजवळ निम्म्या शाळा इंटरनेटविना होत्या. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा याची किंमत कोणी मोजली? ज्या घरात एकच फोन होता आणि तोही बापाबरोबर ड्युटीवर जात होता, त्या घरातल्या मुलांनी.

पण नुसती यंत्रे वाटूनही भागत नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले. 319 शाळांची पाहणी करून 2012 साली निष्कर्ष निघाला की गणितात आणि भाषेत त्याचा फरक दिसला नाही. यंत्रे होती, पण बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि यंत्राच्या आधारे धडा कसा शिकवावा याची शिक्षकांची पुरेशी तयारी करून घेतली नव्हती.

दुसरे उदाहरण केरळचे. तिथे 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम 2001 साली सुरू झाला. शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्यावर विश्वास टाकला. शिक्षक संघटनेने आग्रह धरला की एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला शाळा बांधून ठेवू नका. त्या रेट्याने मुक्त सॉफ्टवेअर आले आणि परवान्याचा खर्च वाचला. संघटना यंत्राच्या आड येते म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आपल्याकडे अनेक ठिकाणी उलटे झाले. संगणक पुरवणे, चालवणे आणि शिकवणे हे सगळे काही वर्षांच्या कंत्राटावर खासगी पुरवठादाराकडे दिले. तुटपुंज्या पगारावर तरुण नेमले. मुदत संपली, तरुण घरी गेला आणि खोलीला कुलूप लागले. साथींनो, हे कंत्राटी कामगाराचे दुखणे आहे आणि ते आपल्या मुलांच्या वर्गापर्यंत पोचले आहे.

मग आपण काय करायचे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया. भुसावळ असो की इटारसी, सोलापूर असो की हुबळी, आपले सभासद आणि त्यांच्या घरच्या भगिनी या समित्यांवर गेल्या पाहिजेत. तिथे चार प्रश्न विचारा : वीज किती तास असते? दुरुस्तीसाठी दरवर्षी किती रक्कम ठेवली आहे? शिक्षकांना प्रशिक्षण कधी मिळाले? संगणक शिकवणारा कायम आहे की कंत्राटी? उत्तरे लिहून घ्या, शाखेच्या सभेत वाचा आणि शिक्षक संघटनेला सोबत घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

संगणकाला आपला विरोध नाही. गँगमनच्या मुलीला तो हाताळता आलाच पाहिजे. पण तो चालू हवा आणि त्याच्याजवळ शिकवणारे माणूस हवे, एवढीच आपली मागणी आहे. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीजवळच्या एका तरी शाळेचे कुलूप उघडून पाहावे, असे आवाहन करून मी थांबतो.